यात पंप नाही

एप्रिल लागला की आमच्या घरी माळ्यावरून कुलर उतरतो. पारा अजून चाळिशीच्या आसपासच रेंगाळत असतो, पण बाबांना दम निघत नाही. टाकी धुवायची, जुनं गवत काढून नवं भरायचं, पंख्याला तेल द्यायचं. मग पंपाची शोधाशोध सुरू होते. बाबांची शिस्त अशी की घरातल्या प्रत्येक खोक्यावर जाड मार्करने आत काय आहे ते लिहिलेलं असतं. त्यामुळे 'कुलर पंप' लिहिलेला खोका यंदाही पहिल्या झटक्यात हाती आला. उघडला, तर आत आकाशकंदिलाची वायर, एक बल्बचा होल्डर आणि पंपाबरोबर आलेलं थर्माकोल. त्या थर्माकोलात पंपाच्या मापाचा खड्डा अगदी नीट कोरलेला, फक्त खड्ड्यात पंप नव्हता.

"खोका तर आहे," बाबा म्हणाले. अर्धं काम झालं, अशा सुरात.

त्याच दुपारी नागपूरच्या कळमना मार्केटमधून फोन आला. तिथल्या एका अडत्यासाठी आम्ही मोबाइल अॅप करून दिलंय. संत्र्याचा क्रेट काट्यावर ठेवला की वजन ब्लूटूथने थेट फोनमध्ये येतं, शेतकऱ्याच्या नावापुढे लागतं आणि पावती तयार होते. मृगाचा माल संपत आला होता, पण मार्केट सुरू होतं. नवीन आवृत्ती मी आदल्या रात्रीच पाठवली होती.

"सर, वजन येऊनच नाही राहिलं."

"अॅप उघडतं?"

"उघडते ना. नावं येते, भाव येते. वजनाचं बटण दाबलं का बंद होऊन जाते."

"जुनी आवृत्ती टाका परत."

"ते तर काढून टाकलं ना भाऊ. तुम्हीच म्हटलं होतं."

मीच म्हटलं होतं. माझ्या फोनवर मात्र ते बटण व्यवस्थित चालत होतं.

आता थोडं बटणामागचं. असली अॅप हल्ली एकदाच लिहितात आणि अँड्रॉइड व आयफोन दोन्हींसाठी बांधतात. पडदा, याद्या, बटणं हे सगळं एकाच भाषेत होतं. पण ब्लूटूथ, कॅमेरा, बोटाचा ठसा अशा गोष्टींना फोनच्या मूळ भाषेतलाच कोड लागतो आणि तो येतो लायब्ररीच्या रूपात. (मी दिवसभर लायब्ररी शोधतो म्हटल्यावर घरच्यांना बरीच वर्षं वाटायचं की हा पुस्तकवाला आहे.) तुमच्या अॅपला कोणत्या लायब्रऱ्या लागतात, त्या डिस्कवर कुठे पडल्या आहेत, कोणत्या प्रोसेसरसाठीच्या आहेत, हे शोधून त्यांना अॅपमध्ये ओवणं हे बिल्ड टूलचं काम. ते नीट चाललं तर कोणी त्याचं नावही घेत नाही. लग्नातल्या आचाऱ्यासारखं.

हे शोधणं दिसतं तेवढं सोपं नाही, आणि ही तक्रार मोबाइलपेक्षा जुनी आहे. १९९१ साली युनिक्सच्या जगात ऑटोकॉन्फ नावाचं साधन आलं. एखादी लायब्ररी मशीनवर आहे का, हे ओळखण्याची त्याची तऱ्हा मला अजून आवडते. ते नावावर विसंबत नाही. चार ओळींचा एक प्रोग्रॅम स्वतः लिहितं, त्या लायब्ररीशी जोडून बघतं, गरज पडली तर चालवूनही बघतं. जमलं तर लायब्ररी आहे, नाही जमलं तर नाही. पंप खोक्यातून काढून बादलीत बुडवायचा, प्लग लावायचा, पाणी वर आलं तर पंप चांगला. बाबाही दरवर्षी तेच करतात. अर्थात पंप सापडला तर.

मोबाइलला ही बादलीची परीक्षा पूर्ण लागू पडत नाही. अॅप बांधलं जातं लॅपटॉपवर आणि चालायचं असतं फोनवर. फोनसाठी बांधलेला तो चार ओळींचा प्रोग्रॅम बांधणाऱ्या मशीनवर सहसा चालतच नाही. जोडून बघता येतं, चालवून बघता येत नाही. मग साधनं खोक्यावरच्या नावाकडे वळतात. एकदाच लिहून दोन्ही फोनसाठी बांधायची सोय देणाऱ्या रिअॅक्ट नेटिव्हचंच बघा. २०१९ साली त्याच्या ०.६० आवृत्तीपासून लायब्रऱ्या आपोआप ओळखून जोडण्याची सोय आली. त्याआधी प्रत्येक लायब्ररीसाठी वेगळी कमांड चालवावी लागे, नाहीतर चार फायलींत हाताने ओळी घालाव्या लागत. आता साधन तुमच्या पॅकेज डॉट जेसनमधली यादी वाचतं, प्रत्येक नावाचं फोल्डर उघडतं, आत अँड्रॉइडचं उपफोल्डर आहे का बघतं, आणि जावा किंवा कोटलिनच्या फायलींत ठरावीक नमुन्याशी जुळणारा क्लास शोधतं. शोधतं म्हणजे मजकुरात शोधतं. कोडचा अर्थ त्याला कळत नाही, अक्षरं जुळली की झालं. बहुतेक वेळा हे सुरेख चालतं, आणि म्हणूनच बिघडलं की पहिला संशय त्याच्यावर जात नाही.

बरं, न सापडणं एक वेळ परवडतं. भलतंच सापडणं फार वाईट. पुण्यात नोकरीला असताना मी दोन दिवस अशा एका चुकीमागे घालवले होते. साधन म्हणत होतं लायब्ररी सापडली, आणि जोडताना सगळं फुटत होतं. सापडली होती ती लॅपटॉपची स्वतःची. फोनसाठी सामान गोळा करायला पाठवलेला माणूस घरच्याच स्वयंपाकघरात शिरला होता. लायब्रऱ्यांचे पत्ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिग नावाच्या साधनात यासाठी दोन वेगळ्या सेटिंग आहेत. एक नेहमीच्या जागांमध्ये तुमच्या जागेची भर घालते, दुसरी नेहमीच्या जागा काढूनच टाकते. फोनसाठी बांधताना दुसरी लागते. मी पहिली लावली होती. सीमेक नावाच्या बिल्ड टूलची आणखी एक खोड आहे. एकदा जागा सापडली की ती आपल्या वहीत लिहून ठेवायची आणि पुढच्या वेळी वहीच वाचायची. २०२० मध्ये अॅपलचे नवे प्रोसेसर आले आणि मॅकवर लायब्रऱ्या आणून बसवणाऱ्या होमब्रूने त्या मॅकवर आपला संसार जुन्या यूएसआर लोकल फोल्डरातून ऑप्ट होमब्रूमध्ये हलवला. त्यानंतर कितीतरी जणांची साधनं जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसली.

नावावरून वस्तू ओळखण्याचा धडा आमच्या घरात एकदा प्रत्यक्ष झालेला आहे. बायको पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात आईने तिला सांगितलं, "येताना पाच रुपयांचा सांबार आणशील." बायको गोंधळली, पण सासूला उलट कसं विचारायचं, म्हणून स्टीलचा डबा घेऊन निघाली. गेटपाशी मी अडवलं. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या शब्दकोशात त्या नावाची वस्तू होती आणि ती इडलीबरोबर येत होती. नाव न सापडतं तर तिने विचारलं असतं. सापडलं, म्हणून ती डबा घेऊन निघाली.

तर, कळमना. माझा पहिला संशय प्रोसेसरच्या खणांवर गेला. अँड्रॉइडच्या अॅपमध्ये मूळ भाषेतल्या लायब्रऱ्या प्रोसेसरप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवतात, ३२ बिटवाल्या एकात, ६४ बिटवाल्या दुसऱ्यात. अॅपमध्ये ६४चा खण असला की ६४ बिटचा फोन तोच उघडतो, शेजारच्या ३२च्या खणात डोकावतही नाही. त्यामुळे दहा लायब्रऱ्या दोन्ही खणांत आणि अकरावी फक्त ३२च्या खणात असली, तर ती अकरावी असून नसल्यासारखी. १ ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरने ६४ बिट सक्तीचं केलं, तेव्हा या एका कारणाने बरीच जुनी अॅप अडखळली. आमच्या काट्याची लायब्ररी ज्यांच्याकडून आली त्यांनी एक बंद फाईल आणि चार पानांची पीडीएफ एवढंच दिलं होतं, म्हणून संशय रास्त होता. एपीके, म्हणजे अँड्रॉइड अॅपची फाईल, शेवटी झिपच असते. उघडून पाहिली. ६४च्या खणात काट्याची लायब्ररी नाही. ३२च्याही नाही. म्हणजे ती अॅपमध्ये शिरलीच नव्हती. आणि बिल्डच्या लॉगमध्ये शेवटच्या ओळीत हिरव्या अक्षरात लिहिलं होतं, यशस्वी.

रात्री अकरा वाजता मी पुन्हा बसलो. कुलर खिडकीत लागला होता, पण पंपाविना. पंपाविना कुलर म्हणजे बाहेरची गरम हवा चौपट वेगाने आत फेकणारा डबा. बाबा तिकडे माळ्यावर बॅटरी घेऊन अजून खोके उघडत होते. अधूनमधून त्यांचा आवाज येई, "हे काय आहे बे?", आणि मग बराच वेळ शांतता.

बदललेली गोष्ट एकच होती. आधीच्या सगळ्या आवृत्त्या मी माझ्या मॅकवर बांधल्या होत्या. ही पहिल्यांदाच भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर बांधली होती. काट्याची लायब्ररी 'शेतकऱ्यांसाठी' नावाच्या फोल्डरात होती. बाकी सगळा कोड गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात, पण हे फोल्डर जड फायलींमुळे बाहेर ठेवलं होतं आणि झिप करून सर्व्हरवर चढवलं होतं. सर्व्हरवर जाऊन यादी मागितली. फोल्डर दिसलं: शेतकऱ्यांसाठी. कॉन्फिग फाईलमधला मार्ग उचलून तिथे चिकटवला. उत्तर आलं, असं फोल्डर नाही. आद्याक्षर टाइप करून टॅब दाबला. नाव आपसूक पूर्ण झालं आणि फोल्डर उघडलं. वरच्या ओळीत शेतकऱ्यांसाठी, खालच्या ओळीत शेतकऱ्यांसाठी. वरचं नाही, खालचं आहे.

मी चष्मा पुसला. खरंच पुसला.

मग दोन्ही नावं बाइटमध्ये उलगडून पाहिली. शे सारखा, त सारखा, क सारखा. पुढे वरच्या नावात ३ बाइट, खालच्यात त्याच जागी ६. भांडण ऱ चं होतं.

हा ऱ म्हणजे आपला खास. आचार्याला नमस्कार करायचा आणि आचाऱ्याला जेवणाचं सांगायचं, यातला सगळा फरक त्याच्या खांद्यावर आहे. हिंदीचं त्याच्यावाचून अडत नाही. आपलं पदोपदी अडतं: दुसऱ्या, वाऱ्या, नोकऱ्या, शेतकऱ्यांसाठी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक अख्खा ऱ, त्याला स्वतःचा क्रमांक आहे. नाहीतर साधा र आणि त्याच्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, असे दोन क्रमांक. दोन्ही एकच समजावेत असं युनिकोडचा नियम सांगतो, आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण लिनक्सची फाइल यंत्रणा फक्त बाइट मोजते, तिला अक्षरांशी देणंघेणं नसतं.

नुक्तेवालं नाव आलं कुठून? जुन्या मॅकवरून नव्या मॅकवर येताना मी सगळं एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर टाकून नेलं होतं. ती डिस्क एचएफएस प्लस या अॅपलच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. त्या पद्धतीत नाव लिहितानाच अशी अख्खी अक्षरं फोडून ठेवतात. माझा अख्खा ऱ तिथे गेला आणि र अधिक नुक्ता होऊन परत आला. नव्या मॅकची यंत्रणा, एपीएफएस, नाव आलं तसं ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपं एकच मानते. म्हणून माझ्याकडे कधी काही अडलं नाही. गिटमधून गेलं असतं तरी बहुधा वाचलो असतो, कारण गिटमध्ये मॅकसाठी अशी फुटलेली अक्षरं सांधायची सोय आहे. झिपने मात्र जसंच्या तसं नेऊन पोचवलं, अगदी इमानदार पोस्टमनसारखं.

आमच्याकडे काटोलची एक मुलगी काम करते. तिच्या विंडोज लॅपटॉपवर हा प्रोजेक्ट महिन्याभरापूर्वीच अडला होता. विंडोजवर अँड्रॉइडचं बिल्ड साधन, ग्रेडल प्लगइन, मार्गात इंग्रजीपलीकडची अक्षरं दिसली की थेट थांबतं, आणि सांगतं की अशाने बिल्ड बहुतेक फसेल, प्रोजेक्ट दुसरीकडे हलवा. ती म्हणाली होती, "सर, फोल्डरचं नाव बदलून टाकू का?" मी मराठीच्या अभिमानावर छोटंसं भाषण देऊन तिला एका ओळीची सेटिंग दाखवली होती, ज्याने ती तपासणीच बंद होते.

आता खरी चूक कुणाची? डिस्कची, झिपची, लिनक्सची, माझी, सगळ्यांची थोडीथोडी. पण मला झोंबलं ते आमच्या बिल्ड टूलचं वागणं. कॉन्फिगमध्ये लायब्ररी नोंदवलेली आहे, सांगितलेल्या जागी फोल्डर सापडत नाही, आणि साधन काय करतं, तर गुपचूप पुढे जातं. लायब्ररी वगळल्याची ओळ लिहितं खरं, पण सविस्तर लॉग मुद्दाम मागितला तरच ती दिसते. वर हिरवं 'यशस्वी'. इतवारीतल्या काही दुकानांत काउंटरवरचा माणूस मोबाइलवरची नजर न उचलता "नाहीये" म्हणतो ना, तसं. नाहीये म्हणजे संपलंय, का कधीच ठेवत नाही, का तू पाह्यलंच नाहीस? मराठीत 'नाही' आणि 'सापडलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत शोधणाऱ्यावर थोडी जबाबदारी येते.

साधन मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. तेव्हा दुरुस्ती करून पाठवायची ठरवली. पहिला विचार सोपा: मार्गाचं नाव आधी एका रूपात आणायचं आणि मग उघडायचं. ते चालत नाही. डिस्कवर नाव ६ बाइटवालं आहे, मी ३ बाइटवालं करून मागितलं तर पुन्हा नाहीच मिळणार. म्हणून वरच्या फोल्डरातली सगळी नावं वाचायची, प्रत्येक नाव आणि आपलं नाव एकाच रूपात आणून ताडायचं, आणि जुळलं तर डिस्कवरचं आहे तसं नाव वापरायचं. हे लिहिलं. मग चाचणी लिहायला घेतली आणि हसूच आलं. चाचणीसाठी दोन रूपांतली दोन फोल्डरं शेजारी शेजारी बनवायची होती. मॅक दुसरं बनवूच देईना. त्याच्या लेखी ते आधीपासून होतं. चाचणीत शेवटी लिहावं लागलं की ही मॅकवर वगळा.

तीन दिवसांनी साधन सांभाळणाऱ्यांपैकी एकाचा अभिप्राय आला. लिनक्सवर दोन्ही नावांची फोल्डरं एकत्र असू शकतात, तुझ्याच चाचणीत आहेत. मग साधनाने कोणतं निवडायचं? अंदाज बांधणं आपलं काम नव्हे. ही जुळवाजुळव घेता येणार नाही. गुपचूप वगळणं मात्र बग आहे, ते दुरुस्त करायला हवं.

मला राग आला. आठ कोटींहून जास्त लोकांच्या भाषेतलं अक्षर, रोजच्या वापरातलं, आणि तुम्हाला त्याचं काही नाही, अशा सुरात मोठं उत्तर लिहिलं. पाठवलं नाही. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला ते घरात घुसून डबा भरून देणारं साधन हवंय. सांबाराचं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही मला वाटतं की एकच फोल्डर असेल तेव्हा जुळवून घ्यायला हरकत नव्हती. पण ते असो.

जी दुरुस्ती शेवटी आत गेली ती तिसेक ओळींची आहे. नोंदवलेली लायब्ररी न सापडली तर बिल्ड तिथेच थांबतं. कोणती लायब्ररी शोधत होतो, कुठे कुठे पाहिलं ते सगळे मार्ग ओळीने छापतं. आणि शेजारी जवळजवळ तसंच नाव दिसलं तर तेही सांगतं: दिसायला सारखं आहे, बाइट वेगळे आहेत, नाव पुन्हा लिहून पहा. माझ्या जुळवाजुळवीच्या कोडमधला अर्धा भाग या शेवटच्या ओळीसाठी कामी आला, एवढंच समाधान.

कळमन्याचं काम त्यासाठी खोळंबलं नव्हतं. फोल्डरचं नाव मी त्याच रात्री बदललं. रोमन लिपीत, चार अक्षरी, काटा. काटोलच्या मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त "ठीक आहे सर" म्हणाली, आणि ते फार सभ्यपणे म्हणाली. अडत्याला सकाळी नवी आवृत्ती पाठवून फोन केला.

"आलं वजन?"

"आलं ना. बावीस किलो चारशे."

"रात्रभर त्याच्यावरच होतो."

"काहून? वहीवर चालूनच राहिलं होतं आमचं."

पंप चौथ्या दिवशी सापडला. 'जुने बूट' लिहिलेल्या खोक्यात, बुटांच्या खाली. बाबांनी तो बादलीत चालवून पाहिला, पाणी आलं, कुलर लागला. नंतर ते मार्कर घेऊन पुन्हा माळ्यावर चढले. मला वाटलं बुटांच्या खोक्यावर पंपाचं नाव लिहितील. उतरल्यावर मी शिडी धरायच्या निमित्ताने वर डोकावलो. बुटांच्या खोक्याला हातही लावला नव्हता. 'कुलर पंप'वाल्या खोक्यावर मात्र, त्या दोन शब्दांच्या खाली, नवी ओळ होती: यात पंप नाही, पाहिले.

"मग तो रिकामा खोका टाकून का नाही देत?" मी विचारलं.

"लागतो," बाबा म्हणाले.